दाराला गुंडी

४ जानेवारी

ताई वरच्या मजल्यावरून खाली आली, पलंगावर पसरलेले माझे कपडे बाजूला सारून बसली आणि म्हणाली, "ठके, आपण राणीचं नाटक करू या."

मी म्हटलं, "या वयात? तुझे गुडघे आणि माझं पाठांतर, दोन्ही पहिल्याच अंकात राम म्हणतील."

"स्टेजवर नाही गं. मी कविता लिहिते, तू चित्रं काढ. प्रत्येक प्रसंगाची एक कविता, एक चित्र. नीट मोठ्या कलादालनात लावू."

मी इस्त्री करत होते, ती बंद केली. ताईनं आजवर मला पुष्कळ दिलं. जुने कोट दिले, वाचून झालेली पुस्तकं दिली, सल्ले तर विचारूच नका. पण बरोबरीनं काही करू या असं ती कधी म्हणाली नव्हती. ती कॉलेजात साहित्य शिकवायची, तिचे दोन कवितासंग्रह आहेत, सभेला गेली की लोक उठून जागा देतात. मी शाळेत चित्रकला शिकवायचे. म्हणजे गणिताच्या बाईंना तास कमी पडला की माझा तास त्यांना मिळायचा.

"बघते," असं म्हटलं. उगाच लगेच हो म्हणायचं नाही. मग ती वर गेल्यावर सगळे ब्रश काढून धुतले.

७ जानेवारी

राणीचं नाटक म्हणजे घरात आम्ही ठेवलेलं नाव. खरं नाव लांबलचक आहे. बाबा ते मोठ्यानं वाचायचे, आणि आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाभोवती ते करायचो. गोष्ट साधी आहे. राजपुत्र लढाईवर गेला आहे. राणीला खात्री आहे की तो मेला. म्हणून रणांगणावरून दूत आला की ती त्याला बोलूच देत नाही. पहिल्याला म्हणते, आधी पाय धू. दुसऱ्याला म्हणते, आधी जेव. तिसऱ्याला म्हणते, आधी झोप काढ, सकाळी बोलू. शेवटच्या अंकात दूत ओरडून सांगतो, तेव्हा कळतं की राजपुत्र मेलेला नव्हताच. जखमी होता. वैद्य मागवला होता. आता मात्र मेला.

ताई कायम राणी व्हायची आणि मला कायम दूत करायची. मी तोंड उघडलं रे उघडलं की ती हात वर करून म्हणायची, "आधी पाय धू." लहानपणभर मी पाय धूत राहिले.

आज ताईला म्हटलं, तुझी राणी अगदीच ठार आंधळी आहे बाई. काखेत कळसा आणि गावाला वळसा. समोर माणूस उभा आहे, एक प्रश्न विचार की.

ताई हसली. म्हणाली, "माझ्या वर्गातल्या मुली दर वर्षी हेच म्हणायच्या. मी त्यांना सांगायचे, राणी मूर्ख नाही. राणी यजमान आहे. पाहुण्याचं करण्यात तिचा वेळ जातो, इतकंच."

१९ जानेवारी

पहिली कविता आली. ताईच्या अक्षरात, ठळक, एकही खाडाखोड नाही.

पहिला दूत आला तेव्हा
राणी म्हणाली, आधी पाय धू.
धूळ घेऊन आलेली बातमी
या घरात चालत नाही.

मी ती दोनदा वाचली. हेवाही वाटला, ते इथं लिहायला हरकत नाही. मी तांब्याचं घंगाळ काढलं, त्यात दोन पावलं, आणि पाणी हळूहळू मातकट होत चाललेलं. माणसाचं तोंड दाखवलंच नाही. ताई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "पाणी बोलतंय गं तुझं." तिनं माझ्या चित्राबद्दल पूर्ण वाक्य बोलण्याची ही पहिलीच वेळ असावी.

२ फेब्रुवारी

दालनाच्या व्यवस्थापिकेनं होकार दिला. बाई चटपटीत आहे, केस अगदी बारीक कापलेले, हातात सारखी मोजपट्टी. तिनं माझी दोन चित्रं पाहिली आणि विचारलं, "तुम्ही आजवर होता कुठे?" मी म्हटलं, "सातवी ब मध्ये." ती खळखळून हसली. मेच्या पहिल्या आठवड्यातली तारीख मिळाली आहे.

परत येताना ताई रस्ता चुकली. आमच्याच वळणावर ती सरळ निघाली. मी दंडाला धरून वळवलं तर म्हणाली, "कविता डोक्यात होती." कवी माणसं अशीच. मला तर आवडलं. घरातला शहाणपणाचा मक्ता इतकी वर्षं तिच्याकडे होता, एकदा तरी मी तिला वाट दाखवली.

९ फेब्रुवारी

ताईच्या सुनेचा फोन. भाचा आणि ती दूरच्या शहरात असतात. ती म्हणे, "मावशी, आई काल फोनवर मला दोनदा वहिनी म्हणाल्या. आणि बोलताना मध्येच थांबत होत्या. तुम्हाला काही वाटतं का?"

मी म्हटलं, "अगं, वहिनी म्हणाली, शिवी तर नाही दिली ना?"

ती हसली नाही. या मुलीला सगळ्यात रोग दिसतात. मागे माझ्या साध्या खोकल्यावरून तिनं तीन डॉक्टरांची नावं पाठवली होती. तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. रोज ताईबरोबर असते ती मी.

२२ फेब्रुवारी

आज जी कविता हातात पडली तिनं मला खुर्चीतच बसवलं. दुसऱ्या दूताच्या कवितेनंतर ताई दोन आठवडे गप्प होती. कागदावर नुसत्या रेघा ओढायची आणि चुरगाळायची. मला वाटलं आटली. आणि मग हे:

रात्र झाली.
राणीनं दाराला गुंडी लावली
आणि कुलूप पांघरून निजली.

दाराला गुंडी! सरळ कडी म्हणाली असती तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं. पण गुंडी, म्हणजे दार हे तिचं अंगावरचं कापड झालं. घर म्हणजे तीच. आणि थंडी वाजते म्हणून कुलूप पांघरायचं. सासष्टाव्या वर्षी माणूस इतकं नवं लिहितं कसं? आधीच्या तिच्या कविता चांगल्या होत्या, पण इस्त्रीच्या होत्या. ही मोडलेली आहे आणि म्हणून जिवंत आहे.

मी विचारायला वर जाणार होते, हे कसं सुचलं म्हणून. मग वाटलं, नको. विचारलं की कवी शुद्धीवर येतो.

१ मार्च

चित्र जमतंय. उभं मोठं दार, दोन्ही फळ्या कोटाच्या दोन बाजूंसारख्या, मधे शिंगाची गुंडी, ओढून ताणून लावलेली. काजाभोवतीचा दोरा सुटत आलाय. बाहेरून कोणीतरी दार ढकलतंय हे नुसत्या त्या दोऱ्यावरून कळावं. मी आयुष्यात इतकं बरं काही काढलेलं नाही. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी जाऊन बघते.

ताईच्या हातून आज दुधाचं पातेलं पडलं. उजवा हात भरून येतो म्हणाली. लिहून लिहून दुसरं काय होणार. मी तिला मालीश करून दिली.

५ मार्च

आज एक विचित्र गोष्ट झाली. नीट लिहून ठेवते.

ताई दाराचं चित्र पाहायला आली. उभी राहिली, डोकं थोडं उजवीकडे वळवून बघू लागली. हल्ली ती अशीच बघते. मग तिचा चेहरा कडक झाला.

"ही गुंडी कशाला?"

"म्हणजे?"

"थट्टा करतेस? दाराला कोणी गुंडी लावतं का?"

मला वाटलं ती गंमत करते आहे. पण तिचे ओठ थरथरत होते. मी तिची कविता आणून तिच्या हातात दिली. "तूच लिहिलंस, ताई. बघ. तुझंच अक्षर."

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. कुलपाच्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ उभी राहिली. मग तिनं कागदाची घडी घातली, उलट घातली, परत उलगडून नीट घातली.

"हो," ती म्हणाली. "असंच लिहायचं होतं मला."

"मग चिडलीस कशाला?"

"चित्रात बघितल्यावर दचकले. छान आहे. राहू दे."

जिना चढताना तिनं कठडा दोन्ही हातांनी धरला होता. माझ्या मनात एकदा पाल चुकचुकली, खोटं कशाला बोलू. पण मग वाटलं, स्वतःचे शब्द दुसऱ्याच्या हातून मोठे झालेले पाहिले की कोणीही दचकेल. मीसुद्धा दचकले असते. तिला जरा असूयाही वाटली असेल. इतकी वर्षं मला तिची वाटली, आता तिची पाळी.

१३ मार्च

ताई म्हणते, काहीतरी करपतंय. मी धावत स्वयंपाकघरात गेले. शेगडी बंद, घर स्वच्छ. ती मात्र नाक मुरडून उभी, डोळे भलतीकडेच. क्षणभरानं म्हणाली, "गेला वास." गेल्या आठवड्यातही एकदा असंच झालं होतं.

मला यावरून चित्र सुचलं. राणीच्या दरबारात कुठेच आग नाही, पण छताशी धूर साचलेला आहे आणि फक्त राणीला तो दिसतो. ताईला सांगितलं तर ती नुसती मान हलवत राहिली.

१८ मार्च

नवी कविता:

दूत उंबऱ्याशी
शिजतो आहे.
कोणी उतरवत नाही.

थिजतो नाही, शिजतो. एका अक्षरानं कुठल्या कुठे नेलं. माणूस बातमी पोटात घेऊन चुलीवर बसला आहे आणि घरातल्यांना वासही येत नाही. मी व्यवस्थापिकेला फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली, "बाप रे." मग विचारलं, "बाई बोलतातसुद्धा अशाच का?" मी म्हटलं, "हल्ली बोलतच नाही, सगळं कागदावर जातं." तिला ते फार आवडलं. निमंत्रणपत्रिकेवर घालते म्हणाली.

२६ मार्च

सुनेचा पुन्हा फोन. आता भाचाही लाइनवर. आईला एकदा डॉक्टरांना दाखव म्हणतात. मी म्हटलं, प्रदर्शन होऊ दे, मीच घेऊन जाते, सगळ्या तपासण्या करू, अगदी दातापासून. सून म्हणाली, "मावशी, अजून महिना-सव्वा महिना आहे त्याला." मी म्हटलं, "सासष्ट वर्षं निघाली तर एक महिना निघेल." भाचा म्हणाला, "मावशी सांगते तर ठीक आहे." तो बिचारा नेहमी माझं ऐकतो.

फोन ठेवल्यावर ताईनं जिन्यावरून विचारलं, "कोण होतं?" मी सांगितलं, सून होती, खुशाली विचारत होती. ती म्हणाली, "बरं." खोटं बोलले नाही मी. खुशालीच विचारत होती.

३ एप्रिल

सकाळी ताई खाली आली ती दारातच उभी राहिली. केस विंचरलेले नव्हते. मी धुराच्या चित्रात आकंठ बुडालेली, छताचा कोपरा ओला होता आणि तो वाळायच्या आत पुसून पातळ करायचा होता.

"ठके, मला तुला... एक..."

"बस ना. आधी चहा घे, किटलीत आहे. एवढा कोपरा करते आणि आलेच."

ती बसली. चहा डाव्या हातानं ओतला, बशीत सांडला. कोपऱ्यानं फार छळलं. हात धुऊन मी तिच्यासमोर बसले तोवर चहावर साय धरली होती.

"काय म्हणत होतीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "विसरले," म्हणाली. मग माझ्या नाकाला लागलेला काळा रंग पदरानं पुसावा तसा अंगठ्यानं पुसला आणि हसली. लहानपणी मी दूत व्हायला कुरकुर करायचे, तेव्हा ती अशी हसायची.

१७ एप्रिल

शेवटची कविता. एवढीच:

राणी. दार. ते.
ते आलं.
ते

शेवटी पूर्णविराम नाही. मी म्हटलं, "ताई, याच्यापुढे कोणी जाऊ शकणार नाही." तिनं पेन टेबलावर ठेवलं, ते घरंगळून खाली पडलं. तिनं उचललं नाही. "झालं," म्हणाली. "आता नाही."

मी भरून पावले. इतकी, की मी तिला मिठी मारली. आम्ही मिठ्या मारणाऱ्यातल्या नाही. ती लाकडासारखी उभी राहिली, मग हळूच डाव्या हातानं माझी पाठ थोपटली.

२ मे

दालनात सगळी चित्रं लागली. पांढऱ्या भिंती, वरून येणारा उजेड, प्रत्येक चित्राशेजारी कवितेचं कार्ड. फ्रेमवाल्यानं दाराच्या चित्रासमोर उभं राहून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "बाई, हे दार आतून बंद आहे की बाहेरून?" सातवी ब मधल्या कुठल्याही मुलानं विचारला असता असा प्रश्न. मी त्याला खिळा थोडा वर घ्यायला सांगितलं.

उद्या उद्घाटन. ताई सकाळी एकदा बघून जाणार आहे. मी तिचा निळा कोट काढून ठेवला.

६ मे

लिहायला हवं. हात लिहीत नाही, पण लिहायला हवं.

परवा सकाळी, नाही, त्याच्या आदल्या सकाळी, ताई दालनात आली. पहिल्या चित्रापासून एकेक कार्ड वाचत चालली. मी मागे होते. व्यवस्थापिका शिडीवर होती. शेवटच्या कार्डापाशी ताई म्हणाली, "करपलं," आणि तिचा उजवा हात आपोआप हलू लागला. मला वाटलं मला बोलावते आहे. मग ती आडवी झाली. डोकं जमिनीवर आपटलं, तो आवाज मी विसरणार नाही. व्यवस्थापिकेनं शिडीवरून उडी मारली आणि गाडी मागवली. मी काहीच केलं नाही. ताईचा निळा कोट गळ्याशी आवळत होता, मी त्याच्या गुंड्या सोडत बसले, एवढंच आठवतं.

मेंदूत गाठ आहे. डाव्या बाजूला, जिथून बोलणं येतं तिथं.

डॉक्टर तरुण आहे, आवाज हळू. त्यानं प्रश्न विचारले. डोकं दुखायचं का? सकाळी. उजव्या बाजूला धडकायच्या का? हो. हातातून वस्तू पडायच्या का? हो. नसलेला वास यायचा का? करपल्याचा, मी म्हटलं. शब्द चुकायचे का, एकाच्या जागी दुसरा?

मी हो म्हटलं. कधीपासून, त्यानं विचारलं. मी म्हटलं, फेब्रुवारी. तो लिहून घेत होता, त्यानं वर पाहिलं नाही. त्यानं वर पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी विचारलं, आधी आलो असतो तर? तो म्हणाला, "गाठ लहान असती. बोलण्याच्या भागापासून थोडी जागा मिळाली असती. आता काढू जितकी निघेल तितकी. पण बोलणं किती राहील ते सांगता येत नाही."

भाचा आणि सून दुपारी पोचले. भाच्यानं मला धरलं आणि रडला. सुनेनं मला बाकड्यावर बसवलं, पाणी आणून दिलं. तिनं एक शब्द ऐकवला असता तर मला सोपं गेलं असतं.

८ मे

उद्या सकाळी ऑपरेशन. संध्याकाळी सगळ्यांना एकेक करून आत सोडलं. मी शेवटी गेले.

ताई उशीला टेकून बसली होती. औषधानं तिला जरा बरं वाटत होतं, शब्द येत होते, पण एकेक शोधून आणत होती. मी तिच्या पायाशी बसले.

"ताई, मला कळायला हवं होतं."

तिनं मान हलवली. नाही अशी.

"मला कळत होतं," मी म्हटलं. "सगळं नाही. पण विचारायला हवं, इतकं कळत होतं. मी विचारलं नाही."

ती शब्द शोधू लागली. मी थांबले. या वेळी मी थांबले.

"मला पण... माहीत. गुंडी... तेव्हा."

"मार्चमध्ये? मग बोलली का नाहीस गं?"

"आले होते. चहा." ती हसली. मग हात पुढे करून माझ्या गालाला लावला. "तू... खूश. इतकी खूश. मी कधी... ठकी अशी... बघितली नाही. मी कशी..."

पुढचा शब्द तिला मिळाला नाही. मी त्या हातावर तोंड ठेवून रडले, नर्सनं बाहेर काढेपर्यंत. सगळे जन्मभर म्हणायचे, ताईनं तुला सगळं दिलं. हे मी मागितलं नव्हतं. मागितलं होतं. त्या दाराच्या चित्रासमोर रोज चहाआधी उभी राहून मी दुसरं काय मागत होते.

११ मे

ऑपरेशन झालं. ताई जिवंत आहे. डोळे उघडते, आम्हाला ओळखते. सगळी गाठ निघाली नाही. बोलत नाही.

१९ मे

प्रदर्शन चालू आहे. मी उतरवायला सांगितलं होतं. व्यवस्थापिका म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं करते, पण लोक येतायत, रांगा लागतायत." भाचा म्हणाला, आईचं काम आहे, राहू दे. मग राहू दिलं.

आज सुनेनं वर्तमानपत्रात आलेलं वाचून दाखवलं. 'कवयित्रीनं भाषा हेतुपुरस्सर मोडली आहे. शब्दांची अदलाबदल करण्याचं हे धाडस' वगैरे. सून मध्येच थांबली. तिनं कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "मावशी, बाकीचं असंच आहे." मी म्हटलं, "तू फोन करायचीस तेव्हा मी तुला फार टाकून बोलले." ती म्हणाली, "मी पण यायला हवं होतं नुसता फोन करण्यापेक्षा." आम्ही दोघींनी मिळून ताईची उशी बदलली.

३० मे

बोलणं शिकवायला एक बाई येते. तिच्याकडे चित्रांची कार्डं आहेत. खुर्ची, चावी, कुत्रा. इतकी वाईट काढलेली की कुत्रा आणि खुर्ची एकाच दुकानातून आणल्यासारखे. ताईनं चावीच्या कार्डाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. बाईला विचारून मी नवी कार्डं काढायला घेतली. जाड पांढरा पुठ्ठा, काळी रेघ, एका कार्डावर एक वस्तू. सावली नाही, पार्श्वभूमी नाही, दुसरा अर्थ नाही. कप काढायला पूर्ण सकाळ गेली. कान थोडा मोठा झाला की भांडं वाटतं, कड थोडी फाकली की फूल वाटतं. हा फक्त कप दिसायला हवा होता. सातवी ब च्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच काढायला द्यायचे आणि ती कंटाळायची.

४ जून

आज ताईला पहिला शब्द आला.

दुपारी मी पलंगाशी बसून कपाचं कार्ड समोर धरलं. भाचा खिडकीत उभा होता, सून औषधं मांडून ठेवत होती. ताईनं खूप वेळ बघितलं. कपाळावर घाम आला. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. मग स्पष्ट, तिच्या जुन्या वर्गातल्या आवाजात म्हणाली, "नदी."

भाचा ओरडलाच, आई बोलली म्हणून. सुनेनं तोंडावर हात धरला. ताई माझ्याकडे बघत होती. कपाला नदी. आत काय असतं, कुठून येतं, कोणाच्या तोंडाशी जातं, सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी चित्र पाहिलं, अगदी रंगांसकट.

मी कार्ड तिच्या आणखी जवळ धरलं.

"नाही, ताई," मी म्हटलं. "नदी नाही. कप. म्हण, कप."

तिचे डोळे भरले. मी कार्ड खाली घेतलं नाही.